फिट की नॉट फिट? वाचकांचे प्रश्न, कास्टिंगवालीची उत्तरं

मागच्या अंकात ‘मीन गर्ल्स’च्या २०२४च्या नव्या आवृत्तीतल्या पात्रनिवडीबद्दल मी जाता जाता चार ओळी खरडल्या आणि या वेळी निम्मी पत्रं त्यावरच आली. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. आईवडिलांच्या संशोधनामुळे आफ्रिकेत वाढलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली केडी अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका हायस्कुलात दाखल होते. तिथे रेजिना, ग्रेचन आणि कॅरन या तिघींचं राज्य. सगळी शाळा त्यांना ‘प्लास्टिक्स’ म्हणते. त्यांना खाली खेचायचं म्हणून केडी त्यांच्यात शिरते आणि बघता बघता त्यांच्यासारखीच होऊन बसते. पहिला सिनेमा २००४चा. २०१८ला त्याचं ब्रॉडवेवर संगीत नाटक आलं आणि त्या नाटकावरून २०२४चा सिनेमा झाला. तिन्ही वेळा लेखणी टीना फे यांची. आता पत्रं.

प्रश्न : ताई, पहिला ‘मीन गर्ल्स’ मी कॉलेजात असताना मैत्रिणीकडे सीडीवर पाहिला होता. परवा लेकीबरोबर नवा पाहिला. नवी रेजिना मला पटलीच नाही. रेचल मॅकॲडम्स कशी बाहुलीसारखी होती! एवढ्या मोठ्या अमेरिकेत तिच्यासारखी दिसणारी एक मुलगी मिळू नये? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हव्या तेवढ्या मिळाल्या असत्या. ‘अमुकसारखी दिसणारी पाहिजे’ असं ब्रीफ, म्हणजे कसा चेहरा हवा याची मागणी, मुंबईत ऑडिशन चालतात त्या वर्सोव्याच्या आरामनगरात पडलं, तर दुपारपर्यंत जिन्यापर्यंत रांग लागते. तसलं ब्रीफ आलं की मी आधी चहा मागवते, कारण त्यातून दिवसभरात काहीही निघणार नसतं.

मुळात २००४मध्येही मॅकॲडम्ससारखा चेहरा कुणी शोधत नव्हतं. ती आली होती केडीसाठी वाचायला. दिग्दर्शक मार्क वॉटर्सना ती आवडली, पण केडीसाठी वयाने मोठी वाटली. रेजिनासाठी आधी नाव होतं लिंडसे लोहानचं! पण २००३च्या ‘फ्रीकी फ्रायडे’मुळे लोहान घराघरातली लाडकी झाली. तिला खलनायिका म्हणून प्रेक्षक स्वीकारणार नाहीत असं वाटलं आणि ती केडी झाली. अमांडा सायफ्रेडचाही विचार आधी रेजिनासाठी झाला होता, ती कॅरन झाली. तिचा तो पहिलाच सिनेमा. म्हणजे आज आपण ज्याला ‘परफेक्ट’ म्हणतो, ती सगळी खुर्च्यांची अदलाबदल आहे.

त्यात वयाची एक गंमत आहे. शूटिंगच्या वेळी लोहान १७ वर्षांची आणि मॅकॲडम्स २५ला टेकलेली. १७ वर्षांच्या मुलीला २५ वर्षांच्या बाईसमोर उभं केलं की तिच्या खांद्यात आपोआप एक संकोच येतो. तो शिकवून येत नाही. पडद्यावर केडी रेजिनाकडे ज्या नजरेने पाहते, त्यातला बराच भाग या सात-आठ वर्षांच्या अंतराचा आहे असं माझं मत.

नव्या सिनेमात केडी आहे ऑस्ट्रेलियाची अँगौरी राइस, शूटिंगच्या वेळी २२ची. रेजिना आहे रेने रॅप, २३ची. म्हणजे वयाचं ते अंतर गेलं. मग वरचष्मा आणायचा कुठून? रॅपने हीच भूमिका २०१९पासून ब्रॉडवेवर केलेली होती, २०२०च्या मार्चमध्ये कोविडने पडदा पडेपर्यंत. तिथे आठवड्याला आठ प्रयोग असतात. राइस कॅमेऱ्यात मुरलेली, पण गाणं हा तिचा प्रांत नव्हे. तिच्यासमोर रॅप नुसती एक ओळ गायली तरी खोलीत कुणाचं चालतं ते कळतं. अंतर वयातून आलं नाही, ते आवाजातून आणलं. तुम्हाला ‘बाहुली’ हवी होती हे मी समजू शकते, पण रेजिनाचं काम बाहुली दिसणं हे नाहीच. ती आत आली की बाकीच्यांनी तोंडातलं वाक्य गिळलं पाहिजे. ते दोघींच्या बाबतीत होतं, वेगळ्या वाटेने होतं.

जाता जाता, जुन्या सिनेमात रेजिनाच्या आईचं काम करणारी एमी पोलर मॅकॲडम्सपेक्षा जेमतेम सात वर्षांनी मोठी होती. नव्यात ती आई आहे बिझी फिलिप्स आणि मायलेकींत वीस वर्षांचं अंतर आहे. हिशोब सुधारला, मात्र हसू पोलरच्या वेळी जास्त येतं. तिथे आईच मुलीची मैत्रीण व्हायला धडपडते हा विनोद होता आणि वयाने त्याला हातभारच लावला होता.

प्रश्न : जुन्या सिनेमातली कॅरन स्मिथ नव्या सिनेमात कॅरन शेट्टी झाली आणि अवंतिका वंदनपू ही भारतीय वंशाची मुलगी घेतली. अवंतिका तेलुगू, मग शेट्टी कशी? आणि खरं सांगा, हा नुसता सगळ्या रंगांचा कोटा भरण्याचा प्रकार नाही का? (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, शेट्टीवर तुमची नजर पडणारच. मंगळूर-उडुपीकडची शेट्टी मंडळी मुंबई-नाशिककरांना हॉटेलाच्या गल्ल्यावर पिढ्यान् पिढ्या भेटत आली आहेत. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला तेवढं अंतर दिसत नाही. पण जुन्या सिनेमातल्या गणिताच्या टीममधल्या मुलाचं आडनाव आठवतं? केविन नापूर. इंग्रजीत ते जी-एन-ए असं सुरू होतं. असलं आडनाव मी तरी आपल्याकडे कुठे ऐकलं नाही. ती भूमिका केली होती तमिळ वंशाच्या कॅनडावासी राजीव सुरेंद्रने. नव्यात तोच मुलगा केविन गणात्रा आहे. निदान आडनाव तरी घाटकोपरला सापडतं. प्रगती आहे!

आता कोट्याबद्दल. अमेरिकी शाळेच्या सिनेमात आपला पोरगा कोण असायचा? गणितात हुशार, स्पेलिंगमध्ये पहिला, मुलींपुढे बावळट. नापूर त्याच साच्यातला, फक्त त्याला रॅप करायची हौस दिली म्हणून तो लक्षात राहिला. कोटाच भरायचा असता तर अवंतिकाला त्या गणिताच्या टीममध्ये बसवणं सगळ्यात सोपं होतं. कुणी हूं की चूं केलं नसतं. तिला दिली कॅरन: शाळेतली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात मठ्ठ मुलगी. भारतीय चेहऱ्याची मुलगी वर्गात ढ असू शकते आणि तरी सगळे तिच्यावर लट्टू असू शकतात, हे त्या पडद्यावर फारसं घडलेलं नाही. माझ्या मते त्या सिनेमातली सगळ्यात धीट निवड हीच आहे.

आणि ती पोरगी काही वाटेवर उभी सापडली नव्हती. जन्म कॅलिफोर्नियाचा, कुचिपुडी शिकलेली. एका हिंदी डान्स रिॲलिटी शोच्या उत्तर अमेरिकेतल्या आवृत्तीत लहानपणी दुसरी आलेली. २०१६ला तेलुगू सिनेमात पदार्पण केलं आणि २०२१ला डिस्नेच्या ‘स्पिन’मध्ये नायिका झाली. ‘मीन गर्ल्स’च्या शूटिंगला ती नुकती १८ पूर्ण झाली होती, त्या चौघींत सगळ्यात लहान. नाचणाऱ्या मुलीला विनोदात एक फायदा असतो. सम कुठे येते ते तिच्या अंगाला माहीत असतं, त्यामुळे वाक्य कुठे टाकायचं ते सांगावं लागत नाही. तिचं हॅलोविनचं गाणं या दृष्टीने परत एकदा बघा.

केडीच्या मैत्रिणीचं, जॅनिसचंही असंच. तिचं नाव नव्या सिनेमात हवाईचं झालं, कारण ‘मोआना’चा आवाज असलेली हवाईची आउलिई क्राव्हालो ती भूमिका करते. माणूस निवडून मग पात्राची कागदपत्रं बदलणं मला पसंत आहे. उलटं करतात तिथे कोटा दिसतो.

प्रश्न : ताई, मी सोळा वर्षांची आहे. आमच्या एकांकिकेत मला ‘बावळट मैत्रीण’ दिली आहे. सगळे म्हणतात तोंड उघडं ठेव, डोळे फिरव. मला ते खोटं वाटतं. अवंतिकाने काय केलं असेल? (एक विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : तुला खोटं वाटतंय ना, मग तुझं बरोबर आहे. तोंड मीट.

एका मालिकेसाठी आम्ही अशीच मैत्रीण शोधत होतो. वाक्य साधं होतं. चार मैत्रिणी सहलीचं ठरवतायत, परतायचं कधी यावर वाद चाललाय आणि ही म्हणते, “मग रविवारच सोमवारी घेऊ या ना.” एकामागून एक मुली आल्या. कुणी डोळे मोठे केले, कुणी बोबडं बोललं, कुणी वाक्य संपल्यावर आमच्याकडे बघून हसली, ‘बघा मी किती वेडी’ असं. मग एक आली, मिरजेकडची. क्यू देणारा मुलगा तिच्यासमोर बाकीच्या तिघींची वाक्यं वाचत होता. त्याचं वाचन चालू असताना हिने टेबलाखाली बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली. अंगठा करंगळीपाशी गेला, थांबला, परत मागे आला. ओठ किंचित हलत होते. मग चेहरा उजळला. तिला उत्तर सापडलं होतं! आणि अगदी मदत करावी तशा आवाजात तिने ते वाक्य टाकलं. कॅमेऱ्यामागचा पोरगा हसला आणि टेक हलला. तोच टेक आम्ही पुढे पाठवला.

कळलं का? तिने बावळटपणा केलाच नाही. तिने विचार केला, पूर्ण ताकदीने केला, फक्त तो चुकीच्या गल्लीत गेला. कॅरनचंही हेच आहे. अवंतिकाच्या चेहऱ्यावर कुठेही ‘मी मूर्ख आहे’ असं लिहिलेलं नाही. तिला प्रत्येक गोष्ट पहिल्यांदाच कळतेय आणि तिचा तिला मनापासून आनंद होतोय. सायफ्रेडनेही २००४ला तेच केलं होतं, मात्र तिच्यात थोडी झोप होती. अवंतिकात झोप नाही, उत्साह आहे. एकच भूमिका, दोन तब्येती.

आणि दिग्दर्शकाशी भांडू नकोस. त्याला तालमीत एकदा तुझ्या पद्धतीने करून दाखव, न सांगता. हशा आला की तो म्हणेल, मीच सुचवलं होतं. म्हणू दे.

प्रश्न : मॅडम, माझे इन्स्टावर तीन लाख फॉलोअर्स आहेत, सगळे कॉमेडी रील्सवर आलेले. ऑडिशनला गेलो की ‘ॲक्टिंगचा अनुभव?’ विचारतात. हा अनुभव नाही का? हॉलिवूडमध्ये तर टिकटॉकवाल्यांना थेट हिरोइन करतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : करतात. २०२१चा ‘ही’ज ऑल दॅट’ घ्या. मूळ १९९९चा ‘शी’ज ऑल दॅट’. शाळेतला लोकप्रिय पोरगा पैज लावतो की कुठल्याही साध्यासुध्या मुलीला मी प्रॉमची, म्हणजे शाळेच्या नाचाच्या मोठ्या पार्टीची, राणी करून दाखवतो. तिचा चष्मा जातो, केस कापले जातात, लाल ड्रेस येतो आणि सगळ्यांना शोध लागतो की ती सुंदर आहे. (रेचल ली कुक पहिल्या फ्रेमपासून सुंदर होती हे फक्त त्या शाळेला दिसत नव्हतं.) रीमेकमध्ये बाजू उलटल्या. पैज मुलगी लावते आणि मुलाला सुधारते. लेखक तोच, आर. ली फ्लेमिंग. दिग्दर्शक मार्क वॉटर्स, म्हणजे जुन्या ‘मीन गर्ल्स’चेच. नायिका ॲडिसन रे, टिकटॉकवर तेव्हा आठ कोटींच्या वर फॉलोअर्स. पात्रही सोशल मीडियावर मेकअपचे व्हिडिओ करणारं. कागदावर याहून चोख जोडी नाही.

आता तो सिनेमा आवाज बंद करून बघा. ॲडिसन एकटी फ्रेममध्ये असली, फोनकडे बघत असली की ती जिवंत आहे. समोर नायक टॅनर ब्युकॅनन आला आणि बोलू लागला की ती आपल्या वाक्याची वाट बघताना दिसते. रील्समध्ये समोर माणूस नसतो, लेन्स असते. तिथे ऐकावं लागत नाही. समीक्षकांनी तिला फार झोडपलं, पण दोष एकट्या पोरीचा नव्हता. ज्यांनी निवडलं त्यांना सिनेमाची चर्चा हवी होती आणि ती झाली.

तेव्हा तुमचे तीन लाख तुम्हाला दारातून आत आणतील. आजकाल प्रोड्युसरच्या एक्सेलमध्ये फॉलोअर्सचा रकाना असतो हे मी नाकारत नाही. पण आत आल्यावर मी तुम्हाला बोलायला नाही, ऐकायला लावणार. शेवटच्या फेरीत आम्ही तीन-चार जणांना एकत्र बसवतो, सीन चालू करतो आणि मी बोलणाऱ्याकडे बघतच नाही. ज्याचं वाक्य नाही तो काय करतोय ते बघते. टोळीच्या विनोदात निम्मा वेळ तुमचं वाक्य नसतंच. मित्राबरोबर रोज एक सीन वाचा, रेकॉर्ड करा आणि नंतर फक्त तुमचे गप्प असतानाचे भाग बघा. पहिल्या दिवशी अंगावर काटा येईल.

या गोष्टीचं आपल्याशी जवळचं नातं आहे, म्हणून थोडं आडवळण घेते. ‘शी’ज ऑल दॅट’ची आजी म्हणजे शॉचं ‘पिग्मॅलियन’. त्याच आजीची मराठी नात १९७५ची ‘ती फुलराणी’. भक्ती बर्वेंनंतर ज्या ज्या मुलीने मंजुळा केली, तिच्याकडे लोक स्वगत कधी येतं याची वाट बघतच बसले, परीक्षेला बसवल्यासारखे. २०२३च्या ‘फुलराणी’ सिनेमात मग वेगळी वाट धरली. मुलगी कोळीवाड्यातली शेवंता तांडेल, मामला सौंदर्यस्पर्धेचा, आणि घेतली ‘हास्यजत्रा’तली प्रियदर्शिनी इंदलकर. सिनेमाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, प्रहसनात घडलेल्या, रोज समोरच्याचं ऐकून पंच टाकणाऱ्या मुलीकडे जाणं ही दिशा मला रास्त वाटली.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला एडिसनमध्ये राहतो. मुलगी पंधरा वर्षांची आहे, शाळेच्या म्युझिकलमध्ये मुख्य भूमिका करते. ‘मीन गर्ल्स’चं शूटिंग आमच्याच राज्यात झालं म्हणून तिला आता हेच करायचंय. सुरुवात कुठून करावी? तिचे बाबा म्हणतात अठरापर्यंत थांब. (एक आई, न्यू जर्सी)

उत्तर : बाबांचं अर्धं बरोबर आहे. हायस्कूलच्या सिनेमात हायस्कूलच्या वयाची मुलं फारशी का नसतात? अठराच्या आतल्या कलाकाराला दिवसाचे तास मोजून मिळतात. कॅलिफोर्नियात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवसांत सहा तास काम, तीन तास अभ्यास आणि एक तास विश्रांती. सेटवर शिक्षक लागतो. प्रोड्युसर हिशोब करतो आणि लहान दिसणारी बावीसची मुलगी घेतो. २०२४च्या ‘मीन गर्ल्स’च्या मुख्य पोरींत अठराच्या आत कुणीच नव्हतं. तेव्हा पंधराव्या वर्षी काम नाही मिळालं म्हणून रडू नये, हे तिला आत्ताच सांगा.

पण शिकायला थांबू नका. रेने रॅप आली कुठून? नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळेच्या म्युझिकलमधून. तिथल्या प्रादेशिक ब्लूमी अवॉर्ड्समधून ती न्यूयॉर्कच्या जिमी अवॉर्ड्सला गेली. ही अख्ख्या अमेरिकेतल्या शाळकरी संगीत नाटकांची स्पर्धा. २०१८ला ती तिथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली आणि पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर रेजिना. तुमच्या राज्यात मिलबर्नच्या पेपर मिल प्लेहाउसचे रायझिंग स्टार अवॉर्ड्स आहेत. शाळा त्यात भाग घेते का, ते ड्रामा टीचरला विचारा. एडिसनहून ते काही लांब नाही.

पैशाचं लक्षात ठेवा. एजंट कमिशन घेतो, साधारण १० टक्के, आणि तेही काम मिळाल्यावर. न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात तिला काम मिळालं तर कमाईचे १५ टक्के तिच्या नावाच्या ट्रस्ट खात्यात जाणं कायद्याने बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियातल्या या कायद्याला जॅकी कूगनचं नाव आहे. लहानपणी चॅप्लिनबरोबर पडदा गाजवला आणि मोठा झाल्यावर बघतो तर आईने आणि सावत्र बापाने सगळं उडवलेलं.

प्रश्न : मराठीत ‘टाइमपास’चा आज रीमेक केला तर दगडू आणि प्राजूसाठी कुणाला घ्याल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाव घेणार नाही. उद्या तेच फोन करून विचारतील. एवढंच सांगते की तेलुगूत तो रीमेक झालेला आहे, २०१५चा ‘आंध्र पोरी’, आणि त्यात आपली छोट्या पडद्यावरची झाशीची राणी उल्का गुप्ता होती. आणि ‘सैराट’च्या कन्नड रीमेकला तर रिंकू राजगुरूच गेली. दुसरीकडे शोधण्यापेक्षा तिलाच घ्या, हा निर्णय मला त्या धंद्यातला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

प्रश्न : माझ्या भाच्याला, वय बारा, एका ‘कास्टिंग कोऑर्डिनेटर’ने मोठ्या टीन कॉमेडीत हिरोच्या लहानपणीची भूमिका देतो म्हटलंय. आधी पोर्टफोलिओ आणि वर्कशॉपचे चाळीस हजार मागतोय. भरावेत का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : एक रुपयासुद्धा नाही. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. बारा वर्षांच्या मुलाचा पोर्टफोलिओ कुणी मागत नाही, सहा महिन्यांत त्याचा चेहरा बदलतो. मोबाइलवर खिडकीच्या उजेडात काढलेले दोन फोटो आणि नाव, वय, उंची सांगणारा एक मिनिटाचा व्हिडिओ, एवढं पुरतं.

शिवाय त्या गृहस्थाला एक विचारा. चौदाच्या आतल्या मुलाला शूटिंगला घ्यायचं तर निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांवर नाही, आणि मोबदल्यातले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव म्हणून ठेवावे लागतात. तेव्हा निर्मिती संस्थेचं नाव काय आणि परवानगीचा अर्ज कुणी भरलाय, ते लेखी मागा. मग तो फोन उचलतो का बघा.

भाच्याला खरंच आवड असेल तर जळगावात बालनाट्याची तालीम कुठे चालते ते शोधा. तिथे चाळीस हजार लागत नाहीत.